ऐरणीवरची खपली

पावसाळा सरला म्हणजे लोणारच्या परिसरांतील ओढ्यांचें पाणी निवळतें आणि कांठच्या वाळूंत काजळाच्या रेघेसारखी एक बारीक काळी धार दिसूं लागते. शाळेंतील मुलांस ही धार फार प्रिय. तींतून लोहचुंबक फिरविला कीं त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. आमच्या बुलढाणें जिल्ह्याचा हा भाग ज्या काळ्या पाषाणाचा बनलेला आहे, त्या पाषाणांतच हे कण असतात. पाषाण झिजतो, हलकी माती वाहून जाते, आणि हे जड कण मागें राहतात. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें लोणारचें विवर उल्केच्या आघातानें याच पाषाणांत पडलेलें आहे. कण लोह, टायटॅनियम व प्राणवायु यांच्या संयोगाचे. आपल्या पूर्वजांनीं ज्याला अयस्कान्त म्हटलें त्याचेच हे धाकटे भाऊबंद. शंकराचें मन उमेच्या रूपानें ओढून घ्या, जसें अयस्कान्त लोखंडाला ओढतो, असा सल्ला ब्रह्मदेव देवांस देतो, तो कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत आमच्या वाचकांनीं वाचलाच असेल.

परंतु अयस्कान्त लोखंडास ओढतो एवढीच त्याची कीर्ति नव्हे. तो वीजही वाहून नेतो. ही दुसरी गोष्ट ठाऊक नसल्यामुळें आमच्या हातून एकदां अन्याय झाला, आणि तो सांगितल्यावांचून पुढील शास्त्रीय भाग सांगणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

ही हकीकत १९८७ सालची. मेहकरकडील एका गांवीं आम्ही सातवीच्या वर्गास सर्वच विषय शिकवीत असूं. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि घरीं वडिलांपाशीं झालें तें संस्कृत. पदार्थविज्ञान आम्ही शिकलों तें वर्गाच्या दोन दिवस आधीं पाठ्यपुस्तक वाचून. त्या दिवशींचा पाठ विजेच्या वाहकांचा होता. धातु वीज वाहून नेतात. धातूंचीं भस्में, म्हणजे प्राणवायूशीं संयोग होऊन झालेले गंजासारखे पदार्थ, नेत नाहींत, असें आम्हीं फळ्यावर लिहून दिलें. मागच्या बांकावरून एका लोहाराचा मुलगा उठला आणि म्हणाला, "गुर्जी, ऐरणीवरची खपली नेते." तापलेल्या लोखंडावर घण बसला म्हणजे ज्या काळ्या पापुद्र्या उडतात, त्यांस तो खपली म्हणे. दुसऱ्या दिवशीं तो अशी एक खपली घेऊन आला. शाळेच्या कपाटांतील जुनें गॅल्व्हानोमीटर काढून आम्हीं एक घट जोडला व तारांचीं टोकें खपलीवर टेकविलीं. कांटा हलला.

खपलीस कच्चें लोखंड चिकटलें असेल, असें आम्हीं सांगितलें. त्यावर त्यानें ती खपली बोटांनीं कुस्करून दाखविली. "लोखंड असतं त असा भुगा झाला असता काय, गुर्जी?" हा युक्तिवाद कोणाही नैयायिकानें मान्य करावा असा होता, हें आज आम्हांस दिसतें. त्या दिवशीं आम्हीं त्याला खालीं बसविलें आणि पुस्तकांत आहे तेंच लिहावें अशी ताकीद दिली. वार्षिक परीक्षेंत त्यानें पुन्हां आपलेंच उत्तर लिहिलें. आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें कांट मारून दोन गुण कापले. सातवीनंतर तो बापाच्या भात्यापाशीं बसला. दोन गुणांमुळें कोणाची शाळा सुटत नाहीं. त्याला कारणें दुसरीं होतीं. पण ती कांट आमच्या हातची होती.

आमची एक पुतणी पुण्यास पदार्थविज्ञानांत संशोधन करते. लोह, निकेल, क्रोमियम, टायटॅनियम, तांबें अशा धातूंच्या कुलास शास्त्रज्ञ संक्रमणी धातु म्हणतात. त्यांचा प्राणवायूशीं संयोग होऊन जे पदार्थ होतात ते ऑक्साइड. या ऑक्साइडांचे अतिशय पातळ थर करावयाचे आणि त्यांतून इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे सूक्ष्म कण, कसे वागतात तें पाहावयाचें, हा तिचा विषय. गेल्या दिवाळींत ती घरीं आली असतां आम्हीं सहज ही जुनी गोष्ट काढली. "काका, तो मुलगा बरोबर होता," एवढें ती चटकन् बोलून गेली, आणि मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून कागद-पेन्सिल घेऊन बसली. खपलीचा बराच भाग मॅग्नेटाइट नांवाच्या काळ्या लोह-ऑक्साइडाचा असतो. मॅग्नेटाइट तांब्याच्या मानानें हजारों पटींनीं मंद वाहक खरा. परंतु तांबड्या गंजाच्या जातीचें जें हेमॅटाइट, त्याच्याहून तो कोट्यवधि पटींनीं सरस. खपली सावकाश थंड झाल्यास तींत लोखंडाचे सूक्ष्म कण सुटे होऊं शकतात, असेंही तिनें प्रामाणिकपणें सांगितलें. पण तेवढ्यानें आमची सुटका होत नाहीं. लोखंडाचा लवलेश नसलेला मॅग्नेटाइटचा शुद्ध स्फटिकही कांटा हलवितोच.

दोन्ही लोखंड आणि प्राणवायु यांचींच अपत्यें. मग एक वाहक आणि दुसरें रोधक कां? आमच्या समजुतीसाठीं तिनें पंगतीचा दृष्टान्त दिला, तो आम्ही वाचकांपुढें तसाच वाढतों. लोहाचा प्रत्येक परमाणु म्हणजे एक पाट. हेमॅटाइटांत प्रत्येक पाटावर सारखीच मंडळी बसलेली आहेत, आणि एका पाटावर अधिक कोणी बसूं म्हटलें तर शेजारी चालूं देत नाहीं, कारण इलेक्ट्रॉन एकमेकांस दूर लोटतात. त्यामुळें कोणीही जागचें हलत नाहीं, आणि हलणें नाहीं तर वीज नाहीं. मॅग्नेटाइटांत एका विशिष्ट रांगेंत दर दोन पाटांमागें एकाच्या मांडीवर एक मूल आहे. शेजारची मांडी मोकळी. मूल या मांडीवरून त्या मांडीवर सहज जातें. तें मूल म्हणजे तो एक जादा इलेक्ट्रॉन, आणि त्याची ती भटकंती म्हणजे विजेचा प्रवाह.

हें आम्हांस इतकें आवडलें कीं पुढचें ऐकण्याचा धीर निघेना. थंडींत काय होतें? हॉलंडमधील फेरवाय या शास्त्रज्ञानें १९३९ सालीं दाखविलें कीं शून्याखालीं सुमारें दीडशें अंश सेल्सिअस थंडी झाली कीं मॅग्नेटाइटची वहनशक्ति एकाएकीं शंभर पटींच्या आसपास घसरते. पोरें निजतात, असें समजा. मात्र तीं नेमकीं कोणाच्या मांडीवर आणि कोणत्या क्रमानें निजतात, याचा वाद सत्तर वर्षांहून अधिक चालला. २०१२ सालीं स्फटिकाचें क्ष-किरणांनीं बारकाईनें परीक्षण झालें तेव्हां दिसलें कीं मूल एकाच मांडीवर नसून ओळीनें बसलेल्या तिघांच्या मांड्यांवर पसरून निजलेलें असतें. इतका साधा दगड, आणि त्याच्या पोटांतील ही व्यवस्था कळावयास मनुष्याला एवढा काळ लागला.

आमच्या तांबड्या कांटेच्या वर्षीं, १९८७ सालीं, ऑक्साइडांवरूनच जगांत मोठी खळबळ उडालेली होती, हें आम्हांस आतां कळलें. आदल्या वर्षीं स्वित्झर्लंडांत बेड्नॉर्ट्झ व म्यूलर या दोघांस तांब्याच्या एका ऑक्साइडांत अतिसंवाहकता आढळली होती. म्हणजे पुरेसा थंड केल्यावर तो पदार्थ वीज कोणत्याही विरोधावांचून वाहून नेतो. धातूंतही हा गुण इतक्या चढ्या उष्णतामानावर तोंवर कोणीं पाहिला नव्हता. १९८७ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्यांसच मिळालें. 'धातूंचीं भस्में वीज नेत नाहींत' हें आमच्या फळ्यावरचें वाक्य त्या वर्षीं जगांत सर्वांत अधिक शिळें झालेलें होतें.

येथवर जाड खपलीची गोष्ट झाली. पुतणीचा खरा विषय पातळपणाचा. चांदीचा वर्ख बर्फीवर लावतात तो आपल्याला पातळपणाची परिसीमा वाटतो. पण त्यांतही परमाणूंचे थर हजाराच्या घरांत असतात. तिच्या कामांतले थर दोन, तीन, चार, फार तर दहा-वीस. एक थर नॅनोमीटरच्या चार-दशांशाहून किंचित् कमी जाडीचा, आणि एका मिलिमीटरांत नॅनोमीटर दहा लक्ष. असल्या गोष्टीचा संसाराशीं संबंध काय, असें गृहिणींस वाटेल म्हणून सांगतों: असा थर आपल्या प्रत्येकाच्या ताटावर आहे. पोलादांत निदान साडेदहा-अकरा टक्के क्रोमियम मिसळला म्हणजे त्याच्या पृष्ठावर क्रोमियमच्या ऑक्साइडाचा एक ते तीन नॅनोमीटर जाडीचा पदर आपोआप धरतो. तो हवेला आंत येऊं देत नाहीं, म्हणून स्टीलचें ताट गंजत नाहीं आणि त्याला पितळेसारखी चिंच लागत नाहीं. घासतांना ओरखडा पडला तर हवा लागतांच पदर पुन्हां धरतो. "मग ऑक्साइडाचें पांघरूण असून स्टीलच्या भांड्याला विजेचा धक्का कसा बसतो?" अशी घरांतून विचारणा झाली. प्रश्न अगदीं मार्मिक. पदर इतका पातळ कीं इलेक्ट्रॉन त्याला फोडल्यावांचून, जणूं भुयारांतून, पलीकडे निघतात. जाडी थोडी वाढली कीं तें भुयार बंद होतें.

आतां जी गोष्ट आम्हांस चकित करून गेली ती अशी. स्ट्रॉन्शियम, रुथेनियम व प्राणवायु यांचा एक ऑक्साइड आहे. जाड असतां तो चांगला धातूसारखा वीज वाहतो. तोच पातळ करीत करीत तीन-चार थरांवर आणला कीं वाहक राहत नाहीं, रोधक होतो. पदार्थ तोच, मूलद्रव्यें तींच, प्रमाणही तेंच. फक्त जाडी गेली. लॅन्थॅनम व निकेल यांच्या ऑक्साइडाचीही हीच कथा. याचें कारण पुन्हां पंगतीनेंच समजतें. पंगती एकीवर एक रचल्या असतां प्रत्येकाला वर, खालीं, आजूबाजूला शेजारी मिळतात आणि फिरावयास वाटा पुष्कळ. दोन-तीनच पंगती उरल्या कीं वरच्या-खालच्या वाटा तुटतात. एकमेकांस लोटणें मात्र पूर्वीइतकेंच राहतें. वाटा कमी आणि भांडण तेवढेंच, म्हणून सगळे जागच्या जागीं बसून राहतात. या जागीं बसण्याचा विचार मांडणारा इंग्रज शास्त्रज्ञ मॉट; १९३७ सालीं निकेलच्या ऑक्साइडावरून, हिशेबानें हा वाहक असावा मग नाहीं कां, असा प्रश्न दोघां डच शास्त्रज्ञांनीं काढला, त्यांतून त्याचें विवेचन वाढलें. त्या दोघांपैकीं एक वर आलेला फेरवायच. मॉटला नोबेल मिळालें तें १९७७ सालीं.

याच्या उलटही घडतें, आणि तें अधिक अद्भुत. लॅन्थॅनम-ॲल्युमिनियमचा ऑक्साइड रोधक. स्ट्रॉन्शियम-टायटॅनियमचा ऑक्साइडही रोधक. २००४ सालीं ओटोमो व ह्वांग यांनीं पहिल्याचा पातळ थर दुसऱ्यावर नीट बसविला, तों दोहोंच्या सांध्यांत वीज वाहूं लागली! २००६ सालीं असें दिसलें कीं वर तीन थर असेतों कांहीं नाहीं. चौथा थर पडला कीं सांधा वाहक होतो. वरच्या पदार्थाचे थर आलटून-पालटून धन व ऋण भाराचे असतात. थरागणिक ताण वाढत जातो आणि चौथ्या थरास तो असह्य होऊन कांहीं इलेक्ट्रॉन खालीं सांध्यांत उतरतात, असें एक स्पष्टीकरण आहे. प्राणवायूचे कांहीं परमाणु गळाल्यामुळेंही इलेक्ट्रॉन सुटे होतात, असा दुसरा पक्ष. पुढें २००७ सालीं, निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ नेल्यावर, हाच सांधा अतिसंवाहक झालेलाही पाहण्यांत आला.

तर्कसंग्रह पढलेल्या मनुष्यास येथें थांबणें भाग आहे. 'परिमाण' हा चोवीस गुणांपैकीं एक गुण, एवढें आम्हीं लहानपणीं घोकलें होतें. रूप हा एक गुण, परिमाण हा दुसरा. एकाचें दुसऱ्याशीं देणेंघेणें आहे असें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. येथें परिमाण बदलतांच वस्तूचा स्वभाव बदलतो. आमच्या वडिलांना हें सांगतां आलें असतें तर त्यांनीं आम्हांस रात्रभर झोपूं दिलें नसतें.

आपला अयस्कान्त पातळ केला तर काय होईल, हें विचारल्यावांचून आम्ही कसे राहूं? मॅग्नेटाइटचा थर जसजसा पातळ करावा तसतसा तो अधिक विरोध करतो, आणि फेरवायची ती एकाएकीं होणारी घसरणही बोथट होत जाते. येथें पंगतीपेक्षां रांगोळीचा दृष्टान्त बरा. अंगणांत चार मुली चार कोपऱ्यांतून ठिपके काढीत निघाल्या, तर मध्यें त्यांच्या ओळी जुळतीलच असें नाहीं. एकीची ओळ दुसरीच्या दोन ओळींमध्यें येते. थरही असाच अनेक ठिकाणांहून वाढूं लागतो आणि जेथें तुकडे भेटतात तेथें ओळी चुकतात. त्या चुकलेल्या शिवेवर इलेक्ट्रॉन अडखळतात. थर जितका पातळ, तितक्या या शिवा दाट.

असे थर घालतात तरी कसे? निर्वात पेटींत ऑक्साइडाची एक वडी ठेवतात. लेझरचा अतिनील झोत क्षणाच्याही क्षुल्लक भागापुरता तिच्यावर पाडला कीं वडीचा पृष्ठभाग वाफ होऊन पिसाऱ्यासारखा उसळतो व समोरच्या तापविलेल्या स्फटिकावर जाऊन बसतो. एक थर पुरा होण्यास असे अनेक झोत लागतात. बाजूनें इलेक्ट्रॉनांचा किरण पृष्ठावर घासून पाठवितात. थर पुरा होतांच परतणारा किरण उजळतो, अर्धवट असतां मंदावतो, आणि त्या उजळण्या-मंदावण्यावरून थर मोजतात. तांब्याच्या त्या अतिसंवाहक ऑक्साइडाचे पातळ थर या रीतीनें अमेरिकेंत प्रथम घातले, त्या मंडळींत वेंकटेशन् हे भारतीय शास्त्रज्ञ होते. आणि तें सालही १९८७! पुणें विद्यापीठांत अध्यापन केलेले डॉ. सतीशचंद्र ओगले यांनीं पुढें मेरीलंड येथें वेंकटेशन् यांच्यासह या क्षेत्रांत काम केलें. ऑक्साइडांच्या पातळ थरांवरील त्यांनीं संपादिलेला जाडजूड ग्रंथ २००५ सालीं प्रसिद्ध झाला, व नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेंत व आयसर संस्थेंत ते हेंच काम करीत आले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत याहून साधी वाट चोखाळली आहे. क्षारांचें पाणी तापलेल्या कांचेवर फवारावयाचें, म्हणजे पाणी उडून ऑक्साइडाचा थर मागें राहतो. ते थर शेंकडों नॅनोमीटर जाडीचे, अतिपातळ नव्हेत. पण टंगस्टनच्या ऑक्साइडाची अशी कांच थोड्या विजेनें निळी होते व उलट दिशेनें वीज दिली कीं पुन्हां पारदर्शक. उन्हाळ्यांत वऱ्हाडास अशी खिडकी मिळाली तर आम्ही तिची आरती करूं.

खिशांतल्या फोनचेंही एका वाक्यांत सांगतों. त्यांतील सूक्ष्म कळांना पूर्वीं सिलिकॉनच्या ऑक्साइडाचा पडदा असे. तो सव्वा नॅनोमीटरपर्यंत पातळ झाला तेव्हां इलेक्ट्रॉन भुयारें काढून गळूं लागले, म्हणून २००७ सालापासून हॅफ्नियम या संक्रमणी धातूच्या ऑक्साइडाचा थोडा जाड पण तितकाच प्रभावी पडदा घालूं लागले.

दिवाळीनंतर आम्ही त्या मुलाकडे गेलों. मुलगा कसला, पन्नाशीचा गृहस्थ आहे. मेहकरच्या रस्त्याला त्याचें वेल्डिंगचें दुकान आहे आणि मागें बापाची भट्टी अजून आहे. आम्हीं सर्व सांगितलें. गुणांचें त्याला कांहींच आठवत नव्हतें. "कांटा हलला होता, येवढं ध्यानात हाये, गुर्जी," तो म्हणाला, आणि चहा सांगून कामास लागला. एका छन्नीला पाणी द्यावयाचें होतें. पाण्यांत विझवून, घासून पांढरी केलेली छन्नी त्यानें पुन्हां मंद आंचेवर धरली. पोलाद हळूहळू गवतासारखें पिवळें झालें, मग तपकिरी, मग जांभळें; निळें होण्याच्या आंत त्यानें ती उचलून पाण्यांत घातली.

तो रंग म्हणजे पोलादावर वाढणारा ऑक्साइडाचा पदर होय, हें आम्हांस पुतणीनें सांगून ठेविलें होतें. पदराच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतो, पावसांत रस्त्यावरच्या तेलाला दिसतो तसा. जाडी बदलली कीं रंग बदलतो. आम्हीं त्याला तसें सांगितलें. त्यानें छन्नी उजेडाकडे फिरवून विचारलें, "हा जांभया रंग किती जाड, गुर्जी?"

"पन्नासाच्या आगेंमागें नॅनोमीटर," आम्हीं म्हटलें, आणि केसाची जाडी त्याच्या हजार पटींहून अधिक असते हेंही सांगितलें.

"मंग माहा बाप हे डोयानंच मोजत जाय," तो म्हणाला.

निघतांना आम्हीं ऐरणीखालची एक खपली मागितली. त्यानें चांगल्या तीन-चार निवडून वर्तमानपत्राच्या तुकड्यांत बांधून दिल्या. एक आमच्या टेबलावर आहे. बाकीच्या पुतणीनें मागविल्या होत्या, त्या टपालानें पुण्यास गेल्या.